शेरीफ, गाव आणि निवेदक : ‘लाँगमायर’ या मालिकेचा कथनदृष्ट्या विचार

दूरचित्रवाणी मालिकेचा विचार मराठी विभागाच्या संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कादंबरी एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा तिच्या निवेदकाचे काय होते, हा प्रश्न मात्र निखळ वाङ्मयीन आहे. आणि तो पदव्युत्तर वर्गात शिकविताना ‘लाँगमायर’ इतके सोयीचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसरे नाही. क्रेग जॉन्सन यांची ‘द कोल्ड डिश’ ही या मालेतील पहिली कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी एक या गतीने ही माला वाढत गेली. तिच्यावरील मालिका ‘ए अँड ई’ या वाहिनीवर २०१२ ते २०१४ या काळात तीन पर्वे चालली. पुढची तीन पर्वे २०१५ ते २०१७ या काळात ‘नेटफ्लिक्स’ने दाखविली. एकूण भाग ६३. वाहिनीने ती बंद केली तेव्हा प्रेक्षकसंख्या कमी नव्हती. प्रेक्षकांचे वय जाहिरातदारांना सोयीचे नव्हते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून सांगितले गेले. नायकही साठीकडे झुकलेला आणि प्रेक्षकही, ही गोष्ट एका अर्थी मालिकेच्या आशयाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

कथेचे स्थळ अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील ॲब्सारोका नावाची काल्पनिक कौंटी आणि तिचे ड्युरँट हे गाव. वायोमिंग हे त्या देशातील सर्वांत कमी लोकवस्तीचे राज्य. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडेच कमी. आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ७६ हजार ८५१. महाराष्ट्राच्या एखाद्या मध्यम शहराची वस्ती एवढ्या प्रदेशात विखुरली, तर दोन घरांमधील अंतर, त्या अंतरातील शांतता आणि त्या शांततेतही प्रत्येकाला प्रत्येकाची असणारी माहिती यांची कल्पना करता येईल. अशा ठिकाणी ६३ भागांना पुरतील एवढे खून होतात, हे वास्तवाच्या कसोटीवर टिकणारे नाही. परंतु हा या वाङ्मयप्रकाराचा मान्य संकेत आहे. संगीत नाटकातील पात्र मध्येच पद का म्हणते, असे आपण विचारीत नाही, तसेच हे.

‘शेरीफ’ या शब्दाविषयी प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. मराठी वाचकाच्या परिचयाचा शेरीफ म्हणजे मुंबईचा नगरपाल. ते एक वर्षाच्या मुदतीचे, मानाचे, प्रत्यक्ष अधिकार नसलेले पद आहे. अमेरिकन कौंटीतील शेरीफ हा बहुतेक ठिकाणी लोकांनी मतदानाने निवडून दिलेला पोलीस अधिकारी असतो. वायोमिंगमध्ये त्याची मुदत चार वर्षांची आहे. म्हणजे ज्याला पकडावयाचे त्याच्याच मतावर त्याचे पद अवलंबून असते. मालिकेच्या पहिल्या पर्वातील संघर्ष यातूनच उभा राहतो. शेरीफ वॉल्ट लाँगमायर याच्या विरुद्ध त्याच्याच कचेरीतील तरुण सहायक ब्रँच कॉनली निवडणुकीला उभा राहतो. दोघे सकाळी एकाच गुन्ह्याचा तपास करतात आणि संध्याकाळी एकमेकांविरुद्ध मते मागतात. आपल्याकडे फौजदाराची बदली होते. तेथे शेरीफाचा पराभव होतो. या एका फरकावर गुन्हेकथेचा सारा रूपबंध कसा बदलतो, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जॉन्सन यांच्या कादंबऱ्या प्रथमपुरुषी निवेदनात आहेत. वॉल्ट स्वतःच आपली हकीकत सांगतो. तो विधुर आहे, वाचनप्रिय आहे, व्हिएतनाम युद्धात होता. आणि मुख्य म्हणजे तो बोलका आहे. ओठांनी नव्हे, निवेदक म्हणून. इतरांशी मोजके बोलणारा हा माणूस वाचकाशी मात्र भरभरून बोलतो. स्वतःची थट्टा करतो, वाटेतल्या डोंगरांविषयी सांगतो, पुस्तकांचे संदर्भ देतो. वाचकाचा त्याच्यावर जो विश्वास बसतो, तो त्याच्या कर्तबगारीमुळे बसत नाही. या सलगीमुळे बसतो. मालिकेत हा आवाजच नाही. मालिकाकर्त्यांना, म्हणजे हंट बाल्डविन आणि जॉन कोव्हेनी यांना, पार्श्वनिवेदनाची योजना करता आली असती. गुन्हेपटांत ती रूढच आहे. त्यांनी ती टाळली. रॉबर्ट टेलर या ऑस्ट्रेलियन नटाचा चेहरा, त्याचे लांबलेले मौन आणि न्यू मेक्सिकोमध्ये चित्रित केलेले उघडे माळ एवढ्यांवर त्यांनी भिस्त ठेवली. खिशात मोबाईल न बाळगणारा नायक हे त्या मौनाचेच एक स्थूल चिन्ह आहे.

निवेदक गेला म्हणजे काय गेले? ‘आत्मीयता गेली’ हे उत्तर चटकन सुचणारे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ‘द कोल्ड डिश’चे कथानक पाहावे. मेलिसा लिटल बर्ड या शायेन मुलीवर चार शाळकरी मुलांनी बलात्कार केला. जन्मापूर्वीच मद्याच्या परिणामामुळे तिच्या बुद्धीची वाढ खुंटलेली आहे. न्यायालयाने मुलांना शिक्षा ठोठावल्या, परंतु त्या तहकूब ठेवल्या. दोन वर्षांनी त्यांपैकी एक जण माळावर मरून पडलेला सापडतो आणि संशयाची सुई सहजच राखीव प्रदेशातील शायेन लोकांकडे वळते. वॉल्टचा बालमित्र हेन्री स्टँडिंग बेअर हाही त्यातून सुटत नाही. रहस्याचा उलगडा होतो तेव्हा मारेकरी निघते व्हॉनी हेज, म्हणजे विधुर वॉल्ट जिच्यात नव्याने गुंतू पाहत आहे ती स्त्री. तिने स्वतः बालपणी जे सोसले, त्याचा हिशेब ती मेलिसाच्या निमित्ताने चुकता करीत होती.

येथे निवेदनाचे तंत्र आणि आशय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. वाचकाला व्हॉनीचा संशय येत नाही, कारण वॉल्टला येत नाही; आणि वॉल्टला येत नाही, कारण तो प्रेमात आहे. जेरार जेनेत यांनी १९७२ साली ‘बोलतो कोण’ आणि ‘पाहतो कोण’ हे दोन प्रश्न वेगळे केले, त्याचा येथे उपयोग होतो. बोलणारा वॉल्ट हकीकत संपल्यानंतरचा आहे. त्याला शेवट ठाऊक आहे. पाहणारा वॉल्ट प्रसंगाच्या आतला आहे. त्याला काही ठाऊक नाही. कादंबरीभर बोलणारा वॉल्ट पाहणाऱ्या वॉल्टच्या डोळ्यांपलीकडे जात नाही. आपण मूर्ख ठरलो हे माहीत असूनही तो आपल्या त्या वेळच्या मूर्खपणाशी प्रामाणिक राहतो. हा नुसता रहस्य टिकविण्याचा डाव नाही. त्यात एक प्रकारची कबुली आहे : न्याय पाहणाऱ्या माणसाला आपल्या शेजारचे दुःख दिसले नाही, ही ती कबुली होय.

मालिकेत हा संबंध नेमका उलटा होतो. कादंबरीत वॉल्टची पत्नी मार्था काही वर्षांपूर्वी कर्करोगाने गेलेली आहे आणि त्यात कसलेही रहस्य नाही. मालिकेत मार्थाला कर्करोग होताच. पण ती गेली त्याने नव्हे. डेन्व्हर शहरात तिचा खून झाला. ही गोष्ट वॉल्टला माहीत आहे, हेन्रीला माहीत आहे. मुलगी केडी हिला माहीत नाही आणि प्रेक्षकालाही नाही. पहिल्या पर्वात डेन्व्हरमधील प्रसंगांचे तुकडे मधूनमधून दाखविले जातात, तेथील एक तपास अधिकारी वॉल्टच्या मागावर येतो आणि पर्व संपताना केडीला सत्य कळते. म्हणजे कादंबरीत नायक आणि वाचक सारखेच अंधारात असतात. मालिकेत नायकाला प्रेक्षकापेक्षा अधिक माहिती असते आणि तो ती लपवितो. विश्वासाची जागा संशय घेतो. मार्थाच्या मारेकऱ्याला वॉल्टनेच तर मारले नाही ना, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो, आणि तो पडावा अशीच रचना आहे.

माझ्या मते हा बदल माध्यमाची मर्यादा म्हणून उणा धरता कामा नये. निवेदक काढून घेतल्याने प्रेक्षक वॉल्टच्या मनातून उठून ड्युरँटच्या रहिवाशांच्या रांगेत येऊन बसतो. गावाला शेरीफ जसा दिसतो, तसाच तो आता आपल्याला दिसतो : बाहेरून, अर्धवट, ऐकीव गोष्टींनी वेढलेला. निवडून दिलेल्या अधिकाऱ्यावर किती विसंबावे, हा मतदाराचा प्रश्न प्रेक्षकाचा प्रश्न होतो. वॉल्ट अनेक भाग जेकब नाइटहॉर्स या शायेन उद्योजकाचा पिच्छा पुरवितो. जुगारगृह उभारणारा, ब्रँचच्या प्रचाराला पैसा पुरविणारा हा माणूसच आपल्या पत्नीच्या मृत्यूमागे आहे, अशी त्याची धारणा होत जाते. प्रत्यक्षात तो कट निघतो बार्लो कॉनलीचा, म्हणजे ब्रँचच्या वडिलांचा. गोऱ्या, प्रतिष्ठित, गावातल्या माणसाचा. व्हॉनीच्या बाबतीत प्रेमाने जे केले, ते नाइटहॉर्सच्या बाबतीत द्वेषाने केले. आंधळेपणा कायम राहिला, त्याचे कारण बदलले. कादंबरीचा आशय मालिकेने टिकविला तो असा, घटना बदलून. रूपांतराच्या ‘प्रामाणिकपणा’ची चर्चा आपल्याकडे बहुधा घटनांच्या याद्या जुळवून केली जाते, त्या पद्धतीला हे उदाहरण छेद देते.

मात्र एका ठिकाणी मालिकेने काही गमावले आहे. उत्तर शायेनांचा राखीव प्रदेश प्रत्यक्षात मोंटाना राज्यात आहे. वायोमिंगमध्ये असलेला एकमेव राखीव प्रदेश विंड रिव्हरचा, आणि तो पूर्व शोशोनी व उत्तर अरापाहो यांचा. ‘ॲब्सारोका’ हे नाव तर क्रो लोकांच्या स्वतःसाठीच्या नावावरून आलेले. कादंबऱ्यांत शायेनांची भूमी राज्यसीमेपलीकडे आहे. मालिकेत ती कौंटीला खेटून असल्यासारखी वावरते. भूगोलाची ही मोडतोड कथेला सोयीची असली, तरी तिच्यामुळे अधिकारक्षेत्राचा गुंता पुसट होतो. हा गुंता म्हणजे तांत्रिक तपशील नव्हे. १८८५ च्या कायद्याने राखीव प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या गंभीर गुन्ह्यांचा अधिकार केंद्राकडे गेला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात असे ठरविले की, जमातींच्या न्यायालयांना बिगर-आदिवासी आरोपीवर फौजदारी खटला चालविता येणार नाही. परिणामी राखीव प्रदेशात येऊन एखाद्या शायेन स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्या माणसाला तिच्या समाजाचे न्यायालय हात लावू शकत नव्हते. २०१३ साली कौटुंबिक हिंसेपुरता आणि २०२२ साली लैंगिक अत्याचारासह आणखी काही गुन्ह्यांपुरता हा अधिकार जमातींना कायद्याने परत मिळू लागला. मेलिसाच्या कथेमागे ही दीर्घ छाया आहे. तिचा खटला कौंटीच्या न्यायालयात चालला आणि तेथे तिच्या वाट्याला काय आले, हे आपण पाहिलेच. वॉल्ट सज्जन आहे, तरीही तो ज्या व्यवस्थेचा बिल्ला छातीवर लावतो ती मेलिसाला पुरी पडलेली नाही. मालिकेत जमातीच्या पोलिसांचा प्रमुख मथायस वॉल्टशी तुटकपणे वागतो. त्याच्या आधीच्या भ्रष्ट प्रमुखाला, मॅलाकाय स्ट्रँडला, वॉल्टनेच अटक केलेली असते. मथायसच्या रागाला व्यक्तिगत कारण पुरविल्याने प्रसंग नाट्यपूर्ण होतात, हे खरे. पण ज्या रागाला १८८५ पासूनचा इतिहास आहे, त्याला असे ताजे कारण देणे म्हणजे त्याची खोली कमी करणे होय.

हेन्रीच्या भाषेकडे आता यावयाचे आहे. मराठीच्या अभ्यासकाला या कथामालेत सर्वांत अधिक शिकवून जाणारी गोष्ट हीच आहे. हेन्री इंग्रजी बोलतो, पण दोन शब्दांचा संकोच करून बनणारी बोलण्यातली रूपे तो जवळजवळ कधीच वापरीत नाही. प्रत्येक क्रियापद, प्रत्येक नकार पूर्ण उच्चारतो. कादंबरीतही आणि लू डायमंड फिलिप्स या नटाच्या तोंडूनही. भोवतालची गोरी माणसे तुटक, घाईचे, शिवराळ बोलतात. फिलाडेल्फियाहून आलेली सहायक व्हिक मोरेटी तर विशेषच. या सर्वांत पूर्ण, तोलून धरलेले इंग्रजी बोलतो तो शायेन.

हे मराठीत आणावयाचे झाल्यास काय करावे? आपल्याला ‘जायचंय’ आणि ‘जावयाचे आहे’, ‘करतोय’ आणि ‘करतो आहे’ अशी जोडरूपे सुदैवाने उपलब्ध आहेत. तेव्हा इतरांना पहिली रूपे आणि हेन्रीला दुसरी द्यावीत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु अडचण अशी की, मराठीत ‘जावयाचे आहे’ म्हणणारा माणूस पुस्तकी वाटतो. त्याला सरकारी पत्राचा किंवा जुन्या शाळामास्तरांचा वास येतो आणि प्रसंगी हसूही येते. हेन्रीच्या बोलण्यात विनोद आहे, पण तो त्याच्या ताब्यातला विनोद आहे. त्याला कोणी हसत नाही. दुसरा मार्ग त्याहून वाईट. ग्रामीण व दलित साहित्याने बोलीला प्रतिष्ठा दिल्यापासून समाजाच्या कडेला ढकललेल्या माणसाच्या तोंडी बोली घालणे हा आपला सहजधर्म झाला आहे. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही विभागणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, एखादा अनुवादक हेन्रीला नकळत बोली देऊन मोकळा होईल. त्याने मूळ संकेत उलटाच होईल. जिच्यामुळे त्याच्या पूर्वजांची भाषा मागे सारली गेली, ती भाषा गोऱ्यांपेक्षा अधिक पूर्णपणे बोलण्यात हेन्रीचा स्वाभिमान आहे. माझ्या मते येथे ‘करतो आहे’, ‘मला माहीत नाही’, ‘मी येणार नाही’ अशी उघडी, साधी, पण पूर्ण रूपे वापरावीत आणि ‘वयाचे’ टाळावे. इतर पात्रांच्या तोंडी ‘करतोय’, ‘माहितीये’ ही रूपे सढळ ठेवली, तर फरक वाचकाच्या कानाला आपोआप जाणवेल.

संबोधनाचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्रजीतील एकच सर्वनाम मराठीत ‘तू’ व्हावयाचे की ‘तुम्ही’, हे दर वाक्याला ठरवावे लागते. वॉल्ट आणि हेन्री यांचे एकमेकांना ‘तू’ म्हणणे निर्विवाद आहे. वॉल्ट आणि मथायस दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’ म्हणतील. तो आदर नव्हे, अंतर. केडी वडिलांना ‘बाबा, तू’ म्हणेल की ‘बाबा, तुम्ही’? सत्य कळण्यापूर्वी एक आणि नंतर दुसरे म्हणाली, तर मराठी अनुवाद मुळात नसलेले काही सांगून जाईल. ते सांगावे की नाही, याचा निर्णय अनुवादकाला घ्यावाच लागेल. व्हिकचे तर विचारूच नये. वरिष्ठाला ‘तुम्ही’ म्हणत त्याच वाक्यात शिवी हासडणारी स्त्री मराठी कथेत अजून रुळलेली नाही. वर्गात एखाद्या भागातील दहा मिनिटांचे संवाद विद्यार्थ्यांकडून अनुवादित करून घेतले, तर निवेदन, सत्तासंबंध आणि सर्वनाम यांचे नाते व्याख्यानापेक्षा लवकर समजेल.

आपल्या ग्रामीण कथेत कायद्याचा माणूस असा मध्यवर्ती का होऊ शकला नाही, याचेही उत्तर शेरीफाच्या तुलनेत सापडते. शेरीफाच्या ठायी गावाचा असणे आणि अधिकार असणे या दोन गोष्टी एकत्र आहेत. आपल्याकडे त्या फुटल्या आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखालचा पोलीस पाटील गावचा असतो; पण त्याचे काम मुख्यतः वर्दी देण्याचे. फौजदाराला अधिकार असतो. पण तो परका, बदलीवर आलेला आणि बदलीवर जाणारा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथाविश्वात सरकारी माणूस गावात येतो, गावाकडून चकविला जातो किंवा गावाला घाबरवितो. त्या अंतरातून विनोद निर्माण होतो, शोकात्मिका सहसा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) मास्तर हा अशा बाहेरून आलेल्या सरकारी माणसांतला वेगळा. तोही ‘मी’ म्हणून बोलतो, तंटे ऐकतो, कारभाऱ्याच्या मर्जीचा अंदाज घेतो, गावाचा होऊ पाहतो. आणि अखेर त्याला गाव सोडावे लागते. वॉल्टच्या निवेदनाशेजारी ठेवून वाचावे असे मराठीत काही असेल, तर ते हेच. दोघांनाही गाव दिसते ते आपल्या जागेवरून. फरक इतकाच की, मास्तरला आपले परकेपण माहीत असते, आणि वॉल्टला आपण गावाचेच आहोत या खात्रीपोटी ते दिसत नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न उरतो. हेन्रीची भूमिका करणारे फिलिप्स यांचा जन्म फिलिपाइन्समधला. त्यांचे काम उत्तम आहे, तरी शायेन पात्रासाठी त्यांची निवड वादातीत मानता येत नाही. मथायसची भूमिका करणारे झान मॅक्क्लार्नन मात्र लाकोटा आहेत. याच नटाने पुढे २०२२ साली सुरू झालेल्या ‘डार्क विंड्स’ या मालिकेत जो लीपहॉर्न या नावाहो पोलीस अधिकाऱ्याची प्रमुख भूमिका केली. टोनी हिलरमन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेत राखीव प्रदेश हीच मध्यभूमी आहे आणि बाहेरून येतो तो केंद्राचा अधिकारी. ‘लाँगमायर’मध्ये मथायसची गाडी वाट अडवून उभी राहते, तेव्हा कॅमेरा वॉल्टच्या बाजूला असतो, येथे तो गाडीच्या आत बसतो. हिलरमन स्वतः नावाहो नव्हते, त्यामुळे बोलतो कोण आणि पाहतो कोण हे दोन्ही प्रश्न तेथे पुन्हा, अधिक टोकदारपणे, विचारावे लागतात. त्यासाठी ‘लिसनिंग वुमन’ (१९७८) ही कादंबरी आणि तिच्यावर बेतलेले पहिले पर्व यांचा जोडीने अभ्यास होणे अगत्याचे आहे.